जिंकणारा घोडा वहीत सापडतो का?

कर्जतहून कल्याणकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत पेन्सिल आणि घडी घातलेला कागद घेऊन बसलेली माणसे आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिली असतील. कोणाच्या हाती मटक्याचा चार्ट असतो, कोणाच्या हाती रेसचे पुस्तक. हल्ली कागदाच्या जागी मोबाइल आला आहे, एवढाच फरक. ही माणसे आळशी नसतात. गेल्या कित्येक महिन्यांचे निकाल त्यांनी तारखेनुसार लिहून ठेवलेले असतात. त्यांत ती काहीतरी क्रम शोधत असतात. वर्गात एखाद्या मुलाने प्रयोगवही इतकी नीट ठेवली, तर आम्ही शिक्षक त्याला शाबासकी देऊ!

बारावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तुम्हीच तर सांगता की निरीक्षणे जमवा, तक्ता करा आणि त्यातून नियम शोधा. मग हे लोक वेगळे काय करतात?" प्रश्न रास्त आहे. 'जुगार वाईट' एवढे सांगून त्याला उत्तर मिळत नाही. म्हणून या दोन वह्या आपण जरा वैज्ञानिकाच्या नजरेने तपासून पाहू.

आधी सोपी वही घेऊ, मटक्याची. या खेळाची सुरुवात मडक्यातून झाली नाही, कापसातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडताना आणि बंद होताना काय होते, ते तारेने मुंबईला कळे आणि त्यांवर पैजा लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेथलेच. १९६१ मध्ये हे भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याचा आपापला खेळ सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्ते आले. (कल्याण मटक्यातले 'कल्याण' म्हणजे आपले जंक्शन नव्हे, ते कल्याणजींचे नाव आहे. कल्याण-अंबरनाथकरांचा हा गैरसमज जुना आहे.) तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला एकम स्थानचा अंक घ्यायचा. ५, ३ आणि ६ आले तर बेरीज १४, म्हणून अंक ४.

आता चार्ट पाहणारा म्हणतो, "गेल्या वीस खेळींत ७ आलेलाच नाही. आता तो यायलाच हवा." हिशेब करू. एका खेळीत ७ न येण्याची संभाव्यता ०.९. वीस खेळींत एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.१२. अंक एकूण दहा आहेत, म्हणून वीस खेळींच्या कोणत्याही तुकड्यात सरासरीने १.२ अंक गायब असणारच. म्हणजे चार्टमध्ये 'रुसलेला' अंक सापडणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. न सापडला तरच थोडे नवल. आणि एकविसाव्या खेळीत ७ येण्याची संभाव्यता किती? पूर्वी होती तेवढीच, दहात एक.

हे पटायला जड जाते. आपल्याला वाटते, इतके दिवस आला नाही म्हणजे त्याची पाळी साठत गेली असेल. पण ती साठणार कोठे? मडक्याला काल काय निघाले ते ठाऊक नसते. अणुकेंद्रकाचा किरणोत्सारी ऱ्हास शिकवताना हाच मुद्दा येतो. रेडियमचे एखादे केंद्रक हजार वर्षे टिकले, म्हणून ते म्हातारे होत नाही. पुढच्या वर्षात ते फुटण्याची संभाव्यता, कालच जन्मलेल्या रेडियमच्या केंद्रकाइतकीच असते. म्हणून जुनी नोंद हाती आली की पहिला प्रश्न असा विचारावा: ही नोंद ज्या वस्तूची आहे तिला आठवण आहे का? म्हणजे कालच्या स्थितीचा काही अंश तिच्यात आज शिल्लक राहतो का?

मटक्याला आठवण नाही. अर्थात आकडा काढणारा प्रामाणिक आहे असे धरून. तो प्रामाणिक नसेल, तर चार्टचा उपयोग आणखीच कमी. कारण मग अंक ठरेल तो आज कोणत्या अंकावर कमी पैसे लागले आहेत त्यावरून.

घोड्याला आठवण असते

आता दुसरी वही. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचे. तेथे आणि पुण्याच्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती होतात. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यापासून मुंबई, असे त्यांचे हंगाम असतात. मटका कायद्याने गुन्हा, आणि परवानाप्राप्त मैदानावरची रेस मात्र चालते, हे कसे? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची जात, तयारी, जॉकीचे कसब, मागची कामगिरी या गोष्टी निकालावर परिणाम करतात, आणि त्या अभ्यासता येतात.

भौतिकशास्त्र न्यायालयाशी सहमत आहे. गेल्या महिन्यात ज्या घोड्याची फुप्फुसे आणि पाय उत्तम होते, ते या महिन्यातही बहुधा उत्तम असणार. १९७७ ची इंडियन डर्बी जिंकणारा स्क्वाँडरर हा घोडा आयुष्यात १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. मडक्यातून असा निकाल निघत नाही. येथे भूतकाळ वर्तमानाशी खरोखर जोडलेला आहे.

रेसच्या पुस्तकात काय काय असते ते पाहिले तर गंमत वाटेल. अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत, पाठीवरचे वजन किलोग्रॅममध्ये, आणि शिवाय मैदानाची 'पेनेट्रोमीटर' नोंद. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडून एक कांब हिरवळीत किती खोल घुसते ते मोजायचे. ओली, मऊ जमीन असेल तर कांब खोल जाते. अशा जमिनीवर घोड्याची बरीच ऊर्जा माती दाबण्यातच खर्च होते आणि वेळ जास्त लागतो. म्हणून पुण्याच्या पावसाळी मैदानावरची वेळ आणि मुंबईच्या जानेवारीतली वेळ एकाच स्तंभात लिहून सरासरी काढणे म्हणजे सेल्सिअस आणि फॅरनहाइट अंश एकत्र मिसळण्यासारखे आहे. वहीवाल्यांपैकी फार थोडे हे पथ्य पाळतात.

वळणाचेही एक छोटे गणित करून पाहा. समजा वळण अर्धवर्तुळाकार आहे आणि एक घोडा कठड्यालगतच्या घोड्यापेक्षा ३ मीटर बाहेरून धावतो. आतल्याचे अंतर पाय गुणिले त्रिज्या. बाहेरच्याच्या त्रिज्येत ३ मीटरची भर. फरक पाय गुणिले ३, म्हणजे सुमारे ९.४ मीटर. या उत्तरात मूळ त्रिज्या राहिलीच नाही! मैदान लहान असो की मोठे, दंड तेवढाच. शर्यतीतला वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर, म्हणजे जवळजवळ ०.६ सेकंदाचे नुकसान. घोड्याची लांबी २.४ मीटर धरली तर चार लांबी. जेथे निकाल मानेच्या फरकाने लागतात, तेथे हा आकडा मोठा आहे. तेव्हा सुरुवातीची जागा चिठ्ठी टाकून आतली मिळाली की बाहेरची, यावरून काही मैदानांवर, काही अंतरांना विजेत्यांच्या नोंदीत खरोखरच क्रम दिसला, तर त्याला कारण आहे. ज्या क्रमाला कारण सापडते तो जास्त विश्वासाचा.

आणि कारण चुकीचेही लावले जाते. समजा एखाद्याच्या वहीत दिसले की १ आणि २ नंबरचे घोडे जरा जास्त वेळा जिंकतात. तो लगेच म्हणेल, एक हा शुभ अंक आहे. पण हँडिकॅप शर्यतीत नंबर वजनाच्या क्रमाने देतात. ज्याची आजवरची कामगिरी सर्वांत चांगली त्याच्या पाठीवर सर्वांत जास्त वजन, आणि त्याला नंबर १. म्हणजे नंबर हा निव्वळ अंक नाही, ती घोड्याच्या गुणवत्तेची चिठ्ठी आहे.

चाळीस शर्यती, आठ चिठ्ठ्या

तरीही वहीत दिसणारे बहुतेक क्रम ना वळणाचे असतात ना वजनाचे. ते नुसतेच दिसतात. वर्गात हा प्रयोग करा. पैसे लागत नाहीत. १ ते ८ आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या डब्यात घाला. एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत डब्यात टाका आणि डबा हलवा. असे ४० वेळा करा. ही झाली आठ घोड्यांच्या ४० शर्यतींची वही. प्रत्येक 'घोड्याला' सरासरीने ५ विजय मिळायला हवेत. पण प्रमाण विचलन काढले तर सुमारे २.१ येते. म्हणून कोणा एकाला ८ किंवा ९ विजय मिळणे आणि दुसऱ्या कोणाची २ वरच बोळवण होणे, हे अगदी सामान्य आहे.

आता ही वही दुसऱ्या वर्गाकडे द्या. त्यांना सांगू नका की ती डब्यातून निघाली आहे. 'नियम शोधा' एवढेच सांगा. 'सम आकड्यानंतर विषम येतो', '३ नंतर दोन शर्यतींत ६ येतो', 'मंगळवारी ५' असे नियम भराभर येतील. मुले हुशार असतील तेवढे अधिक येतील. समजा एखादा निरर्थक नियम योगायोगाने जुळण्याची शक्यता वीसात एक आहे. मग शंभर नियम तपासले तर पाच जुळणारच, आणि लोकांना सांगितले जातात ते हे पाचच. उरलेले पंचाण्णव कोणी लिहून ठेवत नाही.

टिप विकणाऱ्यांची करामतही हीच. आठ घोड्यांच्या शर्यतीआधी ५१२ माणसांना टिप पाठवायची, प्रत्येक घोड्याचे नाव ६४ जणांना. ज्या ६४ जणांची टिप बरोबर आली त्यांनाच पुढच्या शर्यतीत आठ गटांत पुन्हा पाठवायची. तिसऱ्या शर्यतीनंतर एक माणूस असा उरतो की ज्याला लागोपाठ तीन टिपा बरोबर मिळाल्या आहेत. त्याच्या वहीत खोटे काहीच नाही. बाकीच्या ५११ वह्या त्याला दिसत नाहीत, इतकेच. त्या महिन्याचा पगार तो याच भरवशावर लावतो.

यावर औषध एकच. वही अर्धी झाका. पहिल्या २० शर्यतींतून नियम काढा, तारीख घालून लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि मगच उरलेल्या २० उघडा. डब्यातल्या वहीचे नियम येथे गळून पडतात. वळणासारखा खरा नियम टिकतो, पण त्याला शर्यती पुष्कळ लागतात. इंडियन डर्बी १९४३ पासून वर्षातून एकदा होते. म्हणजे विजेते सारे मिळून ऐंशीच्या आसपास. त्यांना घोडा की घोडी, जागा, जॉकी, ट्रेनर अशा कप्प्यांत वाटले की प्रत्येक कप्प्यात दोन-चार नावे उरतात. दोन-चार निरीक्षणांवरून लंबकाचा आवर्तकालही आपण ठरवत नाही.

वही वाचणारे इतर दोघे

समजा, एवढे सारे पथ्य पाळून तुम्हाला खरा नियम सापडला. तरी अडचण संपत नाही, कारण ती वही तुमच्या आधी दोघांनी वाचलेली असते.

पहिला वाचक हँडिकॅपर. त्याचे कामच मुळी जुन्या नोंदी वाचून घोड्यांना गुण देण्याचे. घोडा जिंकला की गुण वाढतात आणि पुढच्या हँडिकॅप शर्यतीत खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या वाढतात. हेतू असा की सगळे घोडे शेवटच्या खांबापाशी एकाच वेळी पोहोचावेत. तसे कधी घडत नाही, पण दिशा तीच. मला हे फार मजेदार वाटते. आपण नोंदीतून क्रम शोधतो, आणि एक माणूस पगार घेऊन त्याच नोंदी वापरून तो क्रम पुसत असतो! डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींत असे होत नाही. तेथे घोडींना थोडी सवलत सोडली तर वजन सर्वांना सारखे. म्हणून स्क्वाँडररसारखे घोडे तेथे उठून दिसतात.

दुसरा वाचक म्हणजे लोक. टोटमध्ये सर्वांचे पैसे एका ठिकाणी जमतात. त्यांतून क्लबचा आणि सरकारचा वाटा कापून उरलेले विजेत्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकूण १०,००० रुपये जमले. क घोड्यावर ४,०००, ख वर ३,०००, ग वर २,००० आणि घ वर १,०००. कपात २० टक्के धरू, उरले ८,०००. क जिंकला तर रुपयाला २ रुपये, ख जिंकला तर २.६७, ग ला ४ आणि घ ला ८. आता समजा लोकांचा अंदाज अचूक आहे, म्हणजे क खरोखरच शंभरात ४० वेळा जिंकतो. मग क वर लावलेल्या रुपयाची सरासरी परतफेड ०.४ गुणिले २, म्हणजे ८० पैसे. घ ची? ०.१ गुणिले ८, पुन्हा ८० पैसे. ख आणि ग चीही करून पाहा. कोणताही घोडा निवडा, सरासरी ८० पैशांचीच!

म्हणजे 'क चांगला घोडा आहे' हे खरे असूनही उपयोगाचे नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि भावात उतरले आहे. नुसते बरोबरीवर सुटायचे तरी क ४० नव्हे, ५० टक्के वेळा जिंकायला हवा, आणि हे लोकांना ठाऊक नसून फक्त तुम्हाला ठाऊक असायला हवे. दर वेळी हाती असलेले सगळेच पैसे लावत गेले, तर दहा शर्यतींनंतर शंभर रुपयांचे सरासरीने अकराच्या आतबाहेर उरतात. ही कपात कल्पनेतली आहे. प्रत्यक्षात वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला.

लोकांचा अंदाज इतका चांगला असतो का? १९४९ मध्ये ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक शर्यतींचे भाव आणि निकाल ताडून पाहिले. एकंदरीत लोकांचा अंदाज आश्चर्यकारकरीत्या जवळ होता. एक ठरावीक चूक मात्र दिसली. जिंकण्याची शक्यता अगदी थोडी असलेल्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि आघाडीच्या घोड्यांवर किंचित कमी. पुढे अनेक देशांत हेच आढळले. शंभराचे हजार करण्याची आशा जेथे मोठी, तेथेच नुकसानही जास्त. पण आघाडीच्या घोड्यांवरचा तो फायदा कपातीपेक्षा बहुधा लहानच असतो.

मग कोणालाच जमले नाही का? जमले. १९८६ मध्ये बोल्टन आणि चॅपमन या दोन अमेरिकन संशोधकांनी शर्यतींच्या नोंदींवरून प्रत्येक घोड्याची संभाव्यता काढण्याची एक सांख्यिकीय पद्धत प्रसिद्ध केली. विल्यम बेंटर या अमेरिकनाने तिच्या धर्तीवर हाँगकाँगमध्ये संगणक चालवला आणि १९९४ मध्ये त्याचा अहवाल लिहिला. हाँगकाँगच का? तेथे मैदाने दोनच आणि तेच ते घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांशी धावतात. प्रयोगशाळेसारखी बंदिस्त स्थिती. बेंटरच्या अहवालातली मला सर्वांत शिकण्याजोगी वाटलेली गोष्ट अशी की नुसत्या स्वतःच्या सूत्रावर त्याने भिस्त ठेवली नाही. आपल्या वहीत नसलेले पुष्कळ काही लोकांना ठाऊक असते असे मानून त्याने सूत्राचे उत्तर आणि लोकांचे भाव एकत्र केले. त्यासाठी संगणक, भांडवल आणि नोंदी ठेवणारी माणसे वर्षानुवर्षे राबत होती. गाडीतली पेन्सिल त्या स्पर्धेत उतरते, हे ध्यानात घ्या.

पैशांचे एवढे पुरे. घोड्यांच्या नोंदींतून विद्यार्थ्याला फुकट मिळणारे एक उत्तम काम सांगतो. अमेरिकेतली केंटकी डर्बी १८७५ पासून दरवर्षी होते आणि सर्व विजेत्यांच्या वेळा सहज मिळतात. आलेख काढा: आडव्या अक्षावर वर्ष, उभ्यावर सरासरी वेग. मात्र १८९६ पासून सुरुवात करा, कारण त्याआधी अंतर वेगळे होते. तेव्हापासून ते सव्वा मैल, म्हणजे सुमारे २०१२ मीटर आहे. १८९६ चा विजेता बेन ब्रश याने २ मिनिटे ७.७५ सेकंद घेतले, म्हणजे वेग सेकंदाला १५.७५ मीटर. पुढची पन्नासेक वर्षे ठिपके चढत जातात. मग चढ थांबतो. निवडक पैदास, चांगला खुराक, चांगले वैद्यक हे सारे चालूच राहिले, तरी ठिपके एका आडव्या पट्ट्यात वरखाली होत राहतात. मार्क डेनी या जीवशास्त्रज्ञाने २००८ मध्ये घोडे, कुत्रे आणि माणसे यांच्या अशाच जुन्या नोंदी तपासून, घोड्यांचा वेग आपल्या मर्यादेपाशी पोहोचल्याचे दाखवले. भरधाव घोडा प्रत्येक ढांगेला एकच श्वास घेतो, त्यामुळे ढांग वाढवायची तर श्वासाचे गणितही बदलावे लागते. पायाच्या हाडांवरचा ताणही आधीच फार असतो. नेमकी मर्यादा कोणती घालते, यावर अजून काम चालू आहे.

त्या पट्ट्याच्या वर एक ठिपका तुम्हाला दिसेल, १९७३ चा. सेक्रेटॅरिएट नावाचा घोडा, १ मिनिट ५९.४ सेकंद, वेग १६.८५ मीटर. दोन मिनिटांच्या आत आलेला दुसरा विजेता २००१ चा मोनार्कोस, ५९.९७ सेकंदांचा. २०२५ पर्यंत तिसरा नाही.